अडतिसावं व्याख्यान

ती. सौ. ताईंना,

गुडघा वाकू देतो तेवढा साष्टांग नमस्कार. (उरलेला समक्ष.) तुमचा रक्तदाब, साडूभाऊंची कंबर आणि गच्चीवरच्या कुंड्या, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडे मीही ठीक, म्हणजे जिवंत आहे. तुमची धाकटी बहीण तुमच्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. फोन केला की ती उचलते, एक मोठा श्वास घेते आणि ठेवते, म्हणून हे पत्र कुरिअरने. शुक्रवारी माझं निवृत्तीचं व्याख्यान आहे आणि पहिल्या रांगेत मला ती हवी आहे. येणार नाही, असं तिने लेकीला कळवलंय. मी लेकीला मध्ये घालायला गेलो, तर ती म्हणाली, बाबा, तुमचं तुम्ही निस्तरा.

झालं काय, ते माझ्या बाजूने सांगतो (दुसरी बाजू तुम्ही अकरा दिवस ऐकताच आहात). तीस वर्षं मी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतोय. विषय कोरडा, पोरं पेंगायची. पहिल्याच वर्षी मी घरातली उदाहरणं द्यायला लागलो आणि वर्ग खडबडून जागा झाला. बलाढ्य शेजाऱ्यालगत लहान देशाने कसं राहावं, यात लहान देश मी. (बलाढ्य कोण, हे तुम्हाला काय सांगायचं!) खिडकी उघडी ठेवण्यावरून आईचं आणि हिचं वाजलं तेव्हा मी शांतपणे दाढी करत राहिलो, तो अलिप्ततावाद. कपाटाच्या फळ्यांवरून सीमावाद. सगळं वर्गाच्या चार भिंतींत सुखाने चाललं होतं. पण यंदा विद्यापीठाला काय अवदसा आठवली कोण जाणे, माझी व्याख्यानं रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायला लागले. आणि हिने ती ओळीने पाहिली.

नुसती पाहिली असती तर चाललं असतं हो! प्रत्येकाखाली प्रतिक्रिया लिहिली. अलिप्ततावादाखाली: "अलिप्त कसले? सासूबाईंच्या बाजूने मान हलवत होते. मी आरशात पाहिलं." सीमावादाखाली: "कपाट माझ्या माहेरचं. सहातल्या पाच फळ्यांवर यांची पुस्तकं. एका फळीत न मावलेले माझे कपडे अजून बॅगेत." घरात मात्र अवाक्षर नाही, चहा वेळेवर, त्यामुळे मीही मूग गिळून बसलो. मग सहामाहीचे पेपर आले. निम्म्या पोरांनी लिहिलेलं, प्राध्यापकांचं मत असं आहे, तथापि काकूंच्या प्रतिक्रियेनुसार वस्तुस्थिती वेगळी आहे. पूर्ण मार्क द्यावे लागले, कारण उत्तर बरोबर होतं. विभागप्रमुख तर जिन्यात गाठून म्हणाले, तुमच्यापेक्षा वहिनींनाच जास्त लोक वाचतात.

इथवर गंमत होती. अडतिसाव्या व्याख्यानाचा विषय होता वाटाघाटी लांबवण्याची कला. त्यात मी बढाई मारून सांगितलं, की बावीस वर्षांपूर्वी घरात एकीला दुसऱ्या गावी मुख्याध्यापिका म्हणून बढती आली होती. मी नाही म्हटलंच नाही. बघू या, बोलू या, आधी घर बघू, लेकीची शाळा बघू, असं गोड बोलत राहिलो आणि रुजू होण्याची तारीख टळून गेली. लढाई न करता जिंकलो, म्हणालो. पोरं हसली. त्या व्याख्यानाखाली हिने काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी घरी आलो तर बॅग नव्हती, आणि कपाटातली ती सहावी फळीही रिकामी होती.

आता ताई, तुम्ही मोठ्या, समजदार. तिला एवढंच सांगा, की घडल्या प्रकाराबद्दल उभय पक्षांना खेद आहे आणि उभय पक्षांनी शुक्रवारी सभागृहात एकत्र यावं.

तुमचा, अजून तरी, धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. वरचं शेवटचं वाक्य खोडा. तीस वर्षांची सवय, हात आपोआप तसं लिहितो. तिला हे वाचून दाखवा: खेद फक्त मला आहे. तू हुशारीने मुख्याध्यापिका झाली असतीस आणि मी घाबरलो होतो, एकटा पडेन म्हणून. ती तारीख मी जाणूनबुजून घालवली. चुकलो गं. तुझ्याशिवाय घर खायला उठतं.

ता. क. (हे वाचून दाखवू नका.) काल वर्गात राजदूत माघारी बोलावण्याचा धडा होता आणि जवळचं उदाहरण दुसरं नव्हतं. एका पोरीने विचारलं, सर, काकू परत येतील? मी छाती ठोकून सांगितलं, शुक्रवारी पहिल्या रांगेत, लिहून घ्या! ते रेकॉर्डिंग गुरुवारी इंटरनेटवर चढतंय. हे तिने पाहिलं तर केवळ मला खोटं पाडायला ती यायची नाही, तेव्हा हात जोडून एकच विनंती: गुरुवारी सकाळपासून साडूभाऊंना सांगून तुमच्या घरचं इंटरनेट बिघडवा.