ऑफ झालेल्या भावाचं पत्र

अमळनेर

ती. अक्कास,

लोटनचा साष्टांग नमस्कार. चोपड्याला सगळे खुशाल असतील, तुझे गुडघेही. माझी तब्येत तू रविवारी स्वतः येऊन पाहून गेलीसच. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र.

झाल्या प्रकारात सूनबाईचा, म्हणजे मयुरीचा, दोष नाही. ती नाशिकची. माझा मोबाईल हौदात पडून बंद झाला होता. तुझ्या कुंदनने कपाशीचा भाव विचारायला तिला फोन लावला, तर ती म्हणाली, "नाना (म्हणजे मी) सकाळपासून ऑफ आहेत." तिला म्हणायचं होतं, फोन बंद आहे. आपल्याकडे माणूस ऑफ झाला म्हणजे वारला, हे तिला कोण सांगणार? (इंग्रजांनी हा शब्द नीट सांभाळला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. साडीच्या दुकानात ऑफ म्हणजे स्वस्ताई. मी एस.टी.त ड्रायव्हर असताना दर मंगळवारी ऑफ असायचो, तेव्हा घरात कोणी रडलं नाही. पंखा ऑफ केला तर पुन्हा ऑन होतो. माणसाला ते बटण नाही.)

तुम्ही जीप भरून आलात तेव्हा मी घरात वरण-बट्टी खात होतो. "मना भाऊ ग्या व माय!" हा तुझा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू आला. कोण गेलं ते बघायला मी बट्टी हातात घेऊनच ओट्यावर आलो. तू मला पाहिलंस आणि म्हणालीस, "जित्ता शे का रे तू?" मी मान हलवली. तेवढ्यात तुला आपला अबोला आठवला आणि पाणीही न घेता तू जीपमध्ये जाऊन बसलीस.

अक्का, कुंदनच्या लग्नात मामाला टॉवेल-टोपी मिळाली नाही म्हणून मी जेवलो नाही, आणि मी जेवलो नाही म्हणून तू बोलणं सोडलंस. त्यात माझी बाजू खरी आहे, ती मी सोडणार नाही. येण्याचा आग्रहही करणार नाही. पण इतक्या वर्षांनी तू मला भाऊ म्हणालीस, आणि त्यासाठी मला मरावं लागलं, याचं फार वाईट वाटलं.

तुझा (अजून असलेला) भाऊ,
लोटन

ता. क. : घाईत तुझी पिशवी ओट्यावर राहिली. आत कोरा टॉवेल आणि टोपी निघाली. मयतावर घालायला आणली असणार. टोपी मला बरोबर बसते. (एकदाच घालून पाहिली.)

आणखी एक ता. क. : आखाजीच्या सणाला माहेरी ये आणि टोपी तुझ्या हाताने घाल. मला ती पाटावर बसून घ्यायची आहे, आडवं पडून नाही.