वाणात गेलेल्या बरण्या

६ जानेवारी
क वात बाद. बरणीतली मेणबत्ती चौथ्यांदा पेटवून बघितली. मधोमध उंदराच्या बिळासारखा खड्डा पडतो, कडेचं मेण जसंच्या तसं. मोगऱ्याचा वास बरणीत नाक खुपसल्याशिवाय येत नाही. तीन जाडीच्या वाती मागवल्या होत्या. क बारीक, ख मधली, ग जाड. आता ख नाहीतर ग.
वहिनी खिडकीतून डोकावून म्हणाली, "अजून जाळतीस व्हय? आमी देवाच्या वाती वळतो, कदी परीक्षा घेतली न्हाई त्यांची." हसली आणि गेली. भाडेकरूंच्या खोल्यांपैकी ही चार नंबरची दादाने मला 'सध्या' दिली आहे. दोन उन्हाळे गेले, तरी सध्याच.

९ जानेवारी
ग लावली. वा! बघता बघता कडेपर्यंत मेणाचं तळं, ज्योत उंच, वास पार ओट्यापर्यंत. तीन नंबरमधला कंपनीवाला पोरगा दारात आला, "दीदी, क्या जलाया है, मस्त है." मला दम धरवला नाही. होतं नव्हतं तेवढं मेण वितळवून सगळ्या बरण्यांना ग वात घातली. जमलं तर इथे नेऱ्यातच भाड्याने गाळा. स्वतःचा. माझ्या नावाची पाटी...

१३ जानेवारी
तोंडावर आपटले. ग ची पहिली बरणी आज तळाला आली. मेण दोन बोटं उरलं आणि वातीच्या टोकाला काजळीचं हे एवढं बोंड, काच काळीठिक्कर. उचलायला गेले तर बोटं भाजली. मग टक् आवाज. काच उभी तडकली, मेण फरशीभर. मी समोर बसले होते म्हणून बरं. कुणाच्या पडद्याखाली असती तर?
भरलेल्या सतरा बरण्या बाद. खोलीत जागा नाही म्हणून वहिनीच्या पडवीत वरच्या फळीवर ठेवल्या, फळीला खडूने ग लिहिलं. सवडीने वितळवून वाती बदलायच्या. आता ख.

१४ जानेवारी
संक्रांत. वहिनीने हातावर तिळगूळ ठेवला, "ग्वाड बोल." मी बोलते कुठे कुणाशी.

१८ जानेवारी

आज वहिनीचं हळदीकुंकू. सकाळीच म्हणाली, "वैशे, तू आज मागं खोलीतच बस. बाया इचारत्यात, मग मला सांगत बसावं लागतं." काय सांगत बसावं लागतं? नवरा जांब्यात आहे, धडधाकट आहे, दुसरीबरोबर राहतो. कागदावर मी अजून त्याची बायको. मी सवाष्ण आहे की नाही, हे गावाला अजून ठरवता आलेलं नाही. ठरेपर्यंत मी मागच्या खोलीत.
बसले. ख ची बरणी लावून बसले. पुढे उखाणे, हसणं, बांगड्या.
बाया गेल्यावर पातेलं आणायला पडवीत गेले, तर फळी रिकामी.
"वाट्या कमी पडल्या," वहिनी म्हणाली, "तुझ्या बरण्या पडूनच व्हत्या, म्हणून लुटल्या वाणात. बाया खूश झाल्या. तुझंच नाव झालं की."
"वहिनी, त्या तडकतात. मेण संपत आलं की काच फुटते."
"मग लिवायचं व्हतं तसं."
"मला एक हाक मारायची होती."
"बायांच्या म्होरं कशी हाक मारू तुला?"
मी पातेलं घेऊन मागे आले.

१९ जानेवारी
सकाळपासून कौतुकाचे फोन. "लई वास सुटतो गं", "घर भरून गेलं". नवी असताना ग वात असंच भुलवते, मलाही भुलवलंच होतं. वर्षाचा फोन आला. इथलीच माहेरवाशीण, आता सूसला सोसायटीत राहते, हळदीकुंकवाला आली होती. तिला सोसायटीच्या बायकांच्या कार्यक्रमासाठी पन्नास हव्यात. "अगदी हीच हं, सेम." पन्नास! गाळ्याची अनामत निघेल त्यात. आणि हीच म्हणजे ग.
मी म्हटलं, आधी नमुना देते. तुझ्याकडची पेटवू नकोस. ती म्हणाली, "अगं, चालूच आहे ती."

२० जानेवारी
सगळ्यांकडून परत आणणार म्हटल्यावर वहिनी उखडली. "दिलेलं वाण कुणी माघारी घेतं का? सवाष्णीच्या दारात जाऊन वाण मागणार, आन ते बी तू?"
ते बी तू. असो.
दादा जेवता जेवता, "ग्रुपवर टाक की एक मेसेज आन हो मोकळी." मला त्या ग्रुपात कुणी घेतलेलं नाही, म्हणून वहिनीच्या फोनवरून टाकला. दोन बोटं मेण राहिलं की विझवा, काच फुटते, बरणी मी बदलून देते. उत्तरादाखल अंगठे आणि जोडलेले हात. एकीने लिहिलं, खूप छान उपक्रम.

२२ जानेवारी
रिकाम्या हाताने कसं मागायचं, म्हणून रात्रंदिवस खपून ख वातीच्या बरण्या भरल्या. मेण मुरायला दोन आठवडे हवेत. न मुरलेल्याचा वास कमीच येणार, पण थांबायला वेळ कुठे आहे.
आज दारोदार. कोपऱ्यावरच्या काकूंनी नवी घेतली आणि जुनीही ठेवली. "ही बी ऱ्हाऊ दे, ती बी ऱ्हाऊ दे." एकीने शोकेसमध्ये ठेवली आहे, लावणारच नाही म्हणे. एकीने दार अर्धंच उघडलं, "आमच्या घरातलं वाण न्हेतीस? तुझं झालं ते झालं, आमचं कशाला?" मी म्हटलं, काकी, काच फुटेल. तर म्हणे, "तुझ्या तोंडात तेवढंच हाय का?"
भल्याला गेले आणि पनवती ठरले. चार मिळाल्या.

२५ जानेवारी
ख चा नमुना घेऊन सूसला गेले. गेट, वही, फोन, मग लिफ्ट. वर्षाने दोन्ही शेजारी शेजारी लावल्या, वर पंखा चालू. "वैशाली, हिचा वास कुठे येतोय? आधीचीच दे ना." मी सगळं सांगितलं. काच, काजळी, दोन बोटं. म्हणाली, "आम्ही विझवू की वेळेवर. तू एवढी का घाबरतेस?" तिने वेळेवर विझवली असती, मान्य. बाकीच्या एकोणपन्नास?
नाही म्हणाले. तिची ग बरणी मात्र मागून आणली. मी निघताना ती म्हणाली, "धंदा असा होत नसतो गं."
घरी वहिनीला कळलं. "लोकांना आवडलं ते द्यायचं. तुला कोन इचारतंय?" तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. आणि त्या धुपाटण्यालाही ख वात.

२८ जानेवारी
झालं. कोपऱ्यावरच्या काकूंकडे फुटली. टीव्हीखालचा रुमाल जळला, भिंत काळी. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. काकू ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या. वहिनी शेजारीच होती. "म्या चांगल्या मनानं दिलं वो. जिन्नस हिचा." पदर सावरला आणि आत गेली. मी बाहेर, काकूंच्या तोंडासमोर. दादा गाडी पुसत होता, पुसतच राहिला.
संध्याकाळपर्यंत बाहेर राहिलेल्या बरण्या परत आल्या. कुणी ओट्यावर ठेवून गेली, कुणी पोराच्या हाती पाठवली. शोकेसमधलीसुद्धा आली. आता वाण परत करताना कुणालाच अपशकुन झाला नाही. एकजात हलकट. लिहिलं, बरं वाटलं.
मोजल्या. आधी आणलेल्या आणि फुटलेली धरून सोळा. एक कमी.

३० जानेवारी
ती एक सापडली. माझी वेगळी राहणारी थोरली जाऊ वहिनीची मावसबहीण लागते, तीही आली होती हळदीकुंकवाला. मी मागच्या खोलीत, ती पुढे. तिला फोन केला.
"मी कपाटात ठिवली व्हती. काल आईंना न्हेऊन दिली. त्यांना वासाचं लई याड. तुझी हाय म्हणून सांगितलं न्हाई, उगं कशाला."
आई म्हणजे सासूबाई. जांब्याचं घर.
"पेटवली का?"
"आज देवापुढं लावणार म्हणल्या. वैशाली, तूच काय ते सांग बाई, माझं त्यांचं परत वाजलंय."
माझा नंबर त्या घरात सगळ्यांनी बंद करून ठेवलाय. आणि सासूबाई देवापुढची ज्योत फुंकून विझवत नाहीत, कुणाला विझवू देत नाहीत. आपोआप शांत व्हावी लागते. म्हणजे ही बरणी अखंड जळणार. उद्या रात्रीच्या आत तळाला. देव्हाऱ्याखालचा पाट लाकडी, त्याला लागून त्यांची खाट. गुडघे गेल्यावर ती खाट तिथे मीच सरकवली होती, देव दिसावेत म्हणून.
राहू दे, असंही मनात आलं. आलंच. मी बॅग घेऊन निघाले त्या दिवशी सासूबाई मेथी निवडत होत्या, मान वर केली नाही. त्या घरासाठी मी का पळू? जळू दे की काय जळायचं ते.
खोटं कशाला लिहू, बराच वेळ तसंच वाटत होतं.

३१ जानेवारी
सकाळी ख ची एक बरणी घेतली आणि स्कुटीला किक मारली. त्यातल्या त्यात मुरलेली निवडली. का, माहीत नाही.
फाटकाला नवा रंग. दार तिने, त्या दुसरीने उघडलं. हाताला हळद, भाजी टाकत असावी. मला ओळखते ती, फोटोंतून तरी.
"काय पायजे?"
"जाऊबाईंनी दिलेली मेणाची बरणी. ती फुटते. ही घ्या, ती द्या मला."
मोगरा दारापर्यंत येत होता. म्हणजे चालू होती.
आतून सासूबाईंचा आवाज. "कोन हाय गं?"
तिने माझ्याकडे बघतच उत्तर दिलं, "मेणबत्तीवाली हाय."
 म्हणायचं काय? आहेच की.
"तिला म्हणावं, देवापुढलं इझवत न्हाईत." आतून.
तिने माझ्या हातातली बरणी घेतली, "बघते," म्हणाली आणि दार लावून घेतलं. ती आणून देईल म्हणून मी उभी राहिले. कडीचा आवाज आला. मग खिडकीपाशी जाऊन मोठ्याने म्हटलं, "आई, मेण दोन बोटं राहिलं की विझवा. पाटावरून तरी उचला. नुसतं एवढं ऐका."
आत एकदम शांत झालं. आवाज ओळखला असणार. पाच वर्षं त्या घरात त्याच आवाजाने हाक मारत होते. कुणी ओ दिली नाही. शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता थांबून बघायला लागली, मग निघाले.
येताना जाऊबाईंच्या दारात थांबले. म्हणाली, "बघते जमलं तर." सगळ्या बघतातच.

आता दिवेलागण. वहिनीने तुळशीपाशी दिवा लावला, माझ्या दाराकडे न बघता गेली. खोलीत ख ची बरणी चालू आहे, पाचव्यांदा. कडेपर्यंत नीट वितळली, बोंड नाही, काच हाताला सोसते आहे. हीच वात घ्यायची, ठरलं. घेणारं कुणी राहिलेलं नाही, ते वेगळं.
जाऊबाईंना दोनदा फोन लावला, उचलत नाही. जांब्याची बरणी आता दोन बोटांवर आली असेल. माझी ख ची बरणी त्यांच्याकडे आहे, दारातल्या दारात का होईना, हातात घेतली होती तिने. पाटावर कुठली आहे, कुणी सांगत नाही.