राघोत्तमरावांसाठी रंगीत बर्फ

५ एप्रिल १९५९, रविवार. सकाळी ८.

गुंडोराव आले. हे माझ्या बायकोचे, वसंताचे, थोरले बंधू. बातमी आणतात, कॉफी पितात, जातात. आजची बातमी अशी: तंजावरच्या राघोत्तमरावांना त्यांच्या मुलासाठी आमची अंबुजा पसंत आहे. मुलाचं नाव सुंदर, कॉलेजात लेक्चरर. पत्रिका जुळते. फक्त एक गोष्ट आडवी आली. राघोत्तमराव म्हणाले म्हणे, मुलगी लक्षणाची, पण बापाला कोप फार असं ऐकतो. रामनवमीला स्वतः मद्रासला येऊन बघणार. मग हो की नाही ते सांगणार.

मला कोप! जॉर्ज टाउनच्या शिपिंग ऑफिसात अकरा वर्षं हेडक्लार्क आहे. माझ्या टेबलाजवळ आवाज म्हणून होत नाही. कोणी येतच नाही. हे गुंडोरावांना समजावून सांगताना टंबलर खाली ठेवला. मध्ये भिंत आली. टंबलर चेपला, भिंतीचा पोपडा पडला, कॉफी गुंडोरावांवर.

आधीची दोन स्थळं मोडली, त्यात माझा काय दोष? दुसऱ्या मुलाचे काका जिन्यावरून पडले तेव्हा मी फक्त त्यांच्या मागे होतो.

वसंता भावाला हळूच सांगत होती की अंबुजाला तेविसावं लागलं, हे स्थळ गेलं तर आता कोणी विचारणार नाही. मला ऐकू जाणार नाही असं तिला वाटतं.

६ एप्रिल, सोमवार. ऑफिस.

प्लॅन सापडला. साहेबाच्या मडमेचं जुनं मासिक रद्दीत होतं. त्यात सरबताच्या ग्लासाचं रंगीत चित्र, आत बर्फाचे खडे. प्रत्येक खड्याला तीन थर, तीन फळांचे. लाल, पिवळा, जांभळा.

रामनवमीला आपण आल्यागेल्याला पानक देतो. गूळ, सुंठ, वेलची, लिंबू. त्यात हा बर्फ घालायचा. कृती साधी. एक थर पूर्ण गोठेपर्यंत दुसरा ओतायचा नाही. एका थराला दोन तास. म्हणजे हा बर्फ करायला बर्फासारखंच डोकं लागतं. राघोत्तमराव ग्लासात बघतील आणि समजतील. तोंडाने काही सांगायला नको.

फ्रिज घरात आहेच. गेल्या वर्षी विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाच्या लिलावात घेतला. वसंता त्यात मोगरा ठेवते. त्यात आधी काय काय शिजलेलं ठेवलं असेल कोण जाणे, म्हणून दुसरं काही ठेवत नाही. तिने एवढंच बजावलं की देवाच्या पानकात बर्फ नको, पाहुण्यांच्या घाला.

निश्चय: रामनवमीपर्यंत चिडायचं नाही. फ्रिजचं दार सारखं उघडायचं नाही.

११ एप्रिल, शनिवार. हाफ डे. दुपारी २.

कोत्तवाल चावडीच्या बाजारातून कलिंगड, बंगनपल्ली आंबे आणि काळी द्राक्षं आणली. कलिंगडवाल्याशी थोडं बोलणं झालं. एक कलिंगड त्याच्याच गाडीवर फुटलं. दुसरं घेऊन आलो. लाल रस ट्रेमध्ये ओतला, ट्रे वरच्या बर्फाच्या कप्प्यात. दार बंद.

२.१०. दार नीट लागलंय का, तेवढं उघडून पाहिलं.

२.१८. पाणी.

२.२५. पाणी.

२.४०. कडेला पापुद्रा आल्यासारखं वाटलं. पिवळा ओतला. तांबडा आणि पिवळा मिळून गटाराचा रंग झाला.

२.४१. ट्रे खिडकीबाहेर.

२.४३. खाली फूलवाली बसते याचा विचार करायला वेळ मिळाला नाही. ट्रे तिच्या टोपलीत पडला. ती तमिळमध्ये बरंच बोलली, आमच्या तीन पिढ्यांपर्यंत गेली. मीही खिडकीतून वाकून उत्तरं दिली. तिने ट्रे परत फेकला. नेम चांगला. माझ्या कपाळाला टेंगूळ.

बाईमाणूस असून एवढा राग. नवल वाटतं.

१२ एप्रिल, रविवार.

आज सिस्टिम. लाल रस ओतून फ्रिजला कुलूप लावलं. किल्ली अंबुजाकडे. तिला सांगितलं, मी मागितली तरी दोन तास देऊ नकोस. सकाळी ९ ला लावलं.

९.२० ला मागितली. तर म्हणते, अप्पा, तुम्हीच सांगितलं होतं देऊ नको म्हणून. पोरगी उलट बोलायला शिकली. तिला मी एक अक्षर बोललो नाही. फ्रिजला लाथ घातली. कुलूप निखळलं, म्हणजे किल्लीची गरज उरली नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून गेलं.

रस पाणीच होता. तो पिऊन टाकला. वाया कशाला घालवायचा.

१४ एप्रिल, मंगळवार. तमिळ वर्षारंभाची सुट्टी.

विजय! कुलूप गेलेलं दार सुंभाने बांधून मी सकाळीच मरीनावर निघून गेलो. समुद्राकडे दोन तास बघत उभा राहिलो. परत आलो तर लाल थर दगडासारखा. मी म्हणत नव्हतो? शांतपणा रक्तात असावा लागतो.

आता पिवळा ओतण्यासाठी ट्रे बाहेर काढणे. ट्रे कप्प्याच्या बर्फाला चिकटला होता. हाताने ओढला. मग उलथन्याने. मग विळीच्या टोकाने. मग स्क्रूड्रायव्हर लावून वर वरवंट्याने. पाचव्या घावाला ट्रे निघाला. कप्प्यातून साप फुत्कारावा तसा आवाज आला आणि वास सुटला. डोळ्यांना पाणी. दहा मिनिटांत फ्रिज गप्प झाला. मेकॅनिक येऊन बघून गेला. म्हणाला, सार, आतली नळी फोडलीत, गॅस गेला, आता याचं कपाट करा. त्याला दारापर्यंत पोचवलं. जरा भरभर पोचवलं, त्याची एक चप्पल इथेच राहिली.

विलायती माल पूर्वीसारखा राहिला नाही.

१६ एप्रिल, गुरुवार.

रजा टाकली. नवी सिस्टिम, आणि फ्रिजपेक्षा दसपट चांगली. फॅक्टरीतून बर्फाची लादी आणली, भुसा आणि गोणपाटासकट. लादी फोडून लाकडी टबात घालायची, वर खडेमीठ. त्यात पितळेच्या वाट्या रोवायच्या. मिठाने बर्फ इतका थंड होतो की थर अर्ध्या तासात बसतो.

सकाळपासून मुसळाने लादी फोडतोय. आरशाला एक तुकडा लागला, तो गेला. दिव्याचा ग्लोब गेला. एक तुकडा माझ्याच ओठावर, रक्त आलं. पण मन काय शांत होतं! घाव घालतोय, मीठ टाकतोय, पुन्हा घाव घालतोय, आणि कोणी काही म्हणत नाही. माणसाने रोज दोन लाद्या फोडाव्यात.

दुपारी ४. आठ खडे तयार. वाटीएवढे. खाली लाल, मध्ये पिवळा, वर जांभळा. थरांची रेघ पट्टीने आखल्यासारखी. मला भरून आलं. अंबुजाने एक हातात घेतला, गालाला लावला आणि म्हणाली, अप्पा, किती चांगलं झालं हो. ती हसली. कधीपासून हसली नव्हती ते आठवत बसलो, आठवेना.

खडे परत टबात, भरपूर मीठ, गोणपाट. उद्यापर्यंत हलणार नाहीत.

१७ एप्रिल, शुक्रवार. रामनवमी. संध्याकाळी ७.

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कोणी वेडंवाकडं सांगायला नको.

पाचला राघोत्तमराव आणि सुंदर आले, बरोबर गुंडोराव. आरती झाली. मी हसतमुख होतो. चांदीच्या उंच टंबलरात पानक, त्यात एकेक खडा. राघोत्तमरावांनी खड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोलले, हे तुमी केलांत? फार पोरुमै पाहिजे याला. पोरुमै म्हणजे सबुरी. जिंकलो होतो. तिथेच जिंकलो होतो.

मासिकातली मडम ग्लासाला ओठ लावून पीत होती. आपल्यात कोण ओठ लावतं? राघोत्तमरावांनी मान मागे टाकली, टंबलर वर धरला, तोंड उघडलं. खडा टंबलरात अडकलेला. एक थेंब येईना. त्यांनी आणखी तिरका केला. मग बुडाला टिचकी मारली. मग हलवला. खडा सगळ्या पानकासकट नाकावर आला.

हाडाचा आवाज मी ऐकला. राघोत्तमराव पाटावरून मागे उताणे. पांढऱ्या अंगवस्त्रावर रक्त, गूळ आणि वेलची. खडा मात्र शाबूत. तीनही थर.

अशा वेळी गुंडोराव हसले.

कालचं मुसळ कोपऱ्यात होतं. मी ते फक्त उचललं. खाली ते आपल्या वजनाने आलं. गुंडोराव उठले होते, त्यामुळे फक्त त्यांच्या पाटाचे दोन तुकडे झाले. मग टब लवंडला, किंवा मी लवंडवला, त्याबद्दल मतभेद आहेत. राघोत्तमराव मिठाच्या पाण्यात पडून होते. सुंदर ओलं फडकं आणायला स्वयंपाकघरात गेला तो बराच वेळ आला नाही.

पाहुणे लगेच निघाले. राघोत्तमरावांना बोलताच येत नव्हतं.

१८ एप्रिल, शनिवार. दुपारी १२.

पसंत! गुंडोरावांनी रस्त्यातूनच सांगितलं, वर आले नाहीत. लग्न वैशाखातच, तंजावरला. मला माहीत होतं. खरा माणूस एका अपघाताने झाकला जात नाही. मी विचारलं, बर्फाबद्दल काय म्हणाले?

बर्फाबद्दल काही म्हणाले नाहीत. गुंडोराव सांगतात ते असं. काल स्वयंपाकघरात सुंदरने अंबुजाला विचारलं, अप्पा तुम्हाला मारतात का? ती म्हणाली, नाही, कधीच नाही, अप्पा फक्त सामानाला मारतात. तेवढा वेळ आई आणि मी कोठीच्या दाराआड उभ्या राहतो. आवाज थांबला की बाहेर येतो. मग सुंदरने बापाला सांगितलं, करीन तर हिच्याशीच. आणि राघोत्तमरावांनी नाकाला फडकं धरून विचारलं म्हणे, ज्येष्ठापर्यंत तरी कशाला थांबायचं?

दुपारी ३.

शुद्ध बनाव. बावीस वर्षांत मुलीवर बोट उचललं नाही, हे तीच सांगते. मग दाराआड कशाला उभं राहायचं? कोणत्या दाराआड? बघून यावं आणि गुंडोरावांना तोंडावर सांगावं.

दुपारी ३.३०.

कोठीचं दार ओढून मागे पाहिलं. भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग आहेत. एक वसंताच्या उंचीला. त्याच्या शेजारी एक अंबुजाच्या. त्याच्या खाली आणखी एक, माझ्या छातीशी. त्याच्या खाली एक, कमरेशी. सगळ्यात खालचा बघायला मला जमिनीवर बसावं लागलं.

बराच वेळ आवाज आला नाही, म्हणून वसंताने स्वयंपाकघरातून विचारलं, काय फुटलं?

काही नाही, म्हटलं. नुसता बसलोय.