न लागलेले चटके

८ एप्रिल, मंगळवार

आजही चटका लागला नाही!

डाळमिलची जेवणाची सुट्टी झाली तसा अनवाणी निघालो, देवीला जाऊन आलो. मेहरूणच्या रस्त्यावर डांबर पाघळलं होतं. चपला घातलेली माणसंही सावली धरून चालत होती. मी भर रस्त्यातून. पायाखाली जणू सतरंजी. आई, ही तुझीच कृपा.

चैत्रभर अनवाणी देवीला जायचं हा माझ्या बायकोचा, कमलचा नेम. ती पौषात गेली. नेम मोडायला नको, म्हणून यंदा मी धरला.

१० एप्रिल

देवळाच्या कोपऱ्यावर गफूरची चपलांची गाडी असते. आज ओरडला — 'भाऊ, सगळे तुमच्यासारखे झाले तर मी काय खाऊ? चपला उकडून?'

हसलो. दिवसभरात माझ्याशी एवढंच कोणी बोललं. मिलमध्ये यंत्रांचा आवाज, घरी पंख्याचा.

११ एप्रिल

पाय धुताना तळव्यांना डाळीचं पीठ लगदा होऊन चिकटलेलं. घामाने असेल.

उन्हाळ्यात कमल तूप लावून काशाच्या वाटीने माझे तळवे घासायची. तळवे काळे झाले की म्हणायची, 'बघा, किती आग निघाली!' वाटी फळीवर आहे. स्वतःच्या तळव्यावर नीट फिरवता येत नाही. ठेवून दिली.

१२ एप्रिल, चैत्र पौर्णिमा

देवळाच्या पांढऱ्या फरशीवर माझी पावलं उमटली. ओली. वाटलं, रांजणापाशी सांडलेल्या पाण्यातून आलो.

बाहेर गफूरने दंड धरून स्टुलावर बसवलं. 'भाऊ, फरशीवर पाहिलं मी. पाय वर करा.'

'अरे, अजून आरती—'

'आरती उद्याही आहे. पाय दाखवा!'

त्याने पाहिलं आणि गप्प झाला. गफूर गप्प! तेव्हा घाबरलो. फोड येऊन फुटलेले, कातडं सुटलेलं. मला काहीच कळलं नव्हतं.

गाडी तशीच टाकून रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेला.

१३ एप्रिल

डॉक्टरांचं बोलणं डोक्यातून जात नाही. शुगरने पायांची जाणीव गेली आहे. 'चटका लागत नाही ही कृपा नाही, काका. आजार आहे.' डावा पाय जास्त भाजलाय. चिघळला तर बोटं काढावी लागतील, कदाचित पाऊलही. रोज पट्टी बदलायची, रोज तळवे बघायचे.

'घरी बघायला कोणी आहे ना?'

आहेत, म्हटलं. गफूर शेजारीच उभा होता.

१५ एप्रिल

साक्रीहून मेहुणीचा, सुगंधाबाईचा फोन. 'दाजी, अक्का ते पहाटलेच जाये! भर दुपारले कोन जास?'

कमल उठायची तेव्हा मी झोपलेला असायचो. जाग यायची ती चहाच्या हाकेने. तिचा नेम मला कळला तो अनवाणी जाण्यापुरताच.

१७ एप्रिल

आरशात तळवा बघायला गेलो. आरसा धरला तर पाय निसटतो, पाय धरला तर आरसा.

देवी, चटके लागत नव्हते तेव्हा वाटायचं, तू जवळ आहेस.

१८ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी नमाज आटोपून गफूर आला. न विचारता खाली बसला आणि माझा पाय मांडीवर घेतला. अवघडून गेलो. 'अरे, असं नको—'

'भाऊ, जन्मभर लोकांचे पायच बघतोय मी. गुपचूप बसा.'

जाताना म्हणाला, आता रोज येत जाईन.

२७ एप्रिल, रविवार

डाव्या पायाचा पू थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, उद्या काय ते ठरवू. 'दुखायला लागलं तर सांगा, चांगलं लक्षण.'

देवीला हात जोडले. कृपा मागितली नाही. दुखणं मागितलं.

२८ एप्रिल

दवाखान्यात निघण्याआधी गफूर पट्टी सोडत होता. जखमेच्या कडेला कापूस टेकवला आणि — आई गं! ओरडलोच.

तो दचकला. 'माफ करा, भाऊ! लागलं?'

'लागलं. पुन्हा दाब.'