आधी स्वतःचा मास्क

९ मार्च

सरांनी आज मला खोटं बोलायला सांगितलं. कँटीनमध्ये, चहा ढवळत. चौकशीत एवढंच सांग म्हणे — भोंगा वाजला, दोघांनी लगेच मास्क लावले, विमान खाली आणलं. बास.

लगेच! चौतीस हजार फुटांवर केबिनमधली हवा गळत होती. भोंगा वाजला, मी मास्क लावला. सर शेजारच्या खुर्चीत बसून हसत होते. इतक्या वर्षांचे कॅप्टन, आणि ऑक्सिजन कमी पडल्यावर शेंबड्या पोरासारखे खिदळतात! मी त्यांच्या तोंडावर मास्क दाबला, तर माझाच हात झटकला. तरी दाबला. मग मास्कशिवाय श्वास घेता येईल इतकं खाली आणलं विमान. प्रवासी आपल्या पायांनी उतरून घरी गेले.

वर्तमानपत्रात फोटो सरांचा. मी को-पायलट — माझं नावही नाही.

१० मार्च

आई म्हणते, जाऊ दे, मोठे आहेत, तुला शिकवलंय त्यांनी.

शिकवलंय म्हणूनच तर! 'आधी स्वतःचा मास्क, मग दुसऱ्याचा' — त्यांनीच डोक्यात ठोकून बसवलंय. आणि हेही: ऑक्सिजन कमी पडला की माणसाला वाटतं, आपण अगदी ठीक आहोत. स्वतःवर वेळ आली तेव्हा कुठे गेलं होतं हे ज्ञान?

११ मार्च

सरांच्या गालावर ओरखडा आहे. हवाई सुंदरींनी विचारलं तर म्हणाले, मांजराने ओरबाडलं. यांच्या घरात मांजर नाही! साधं खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.

१३ मार्च

जबाब दिला. काही हातचं राखलं नाही. कॅप्टन भानावर नव्हते, त्यांना मास्क मी लावला. अधिकाऱ्यांनी दोनदा विचारलं, खात्री आहे ना? म्हटलं, कॉकपिटचं रेकॉर्डिंग ऐका की.

संध्याकाळी कळलं, सरांना उड्डाण बंद. निवृत्ती या वर्षअखेरीस. आता विमानात बसतील ते प्रवासी म्हणूनच. बसू देत.

जिन्यात समोर आले. अंगावर येतील असं वाटलं. हळू आवाजात म्हणाले, "रेकॉर्डिंग एकटी ऐकू नकोस. मला बोलाव."

धमकी, आणि वर मायेचा आव! मी ताडताड जिना उतरले.

१६ मार्च

चौकशीच्या खोलीत हेडफोन लावला. भोंगा. मग मास्कमधून येतो तसा जड श्वास, आणि सरांचा आवाज — "पोरी, मास्क लाव. अगं, ओरबाडू नकोस, लावू दे मला."

मागे कुणीतरी हसतंय. थांबतच नाही.

मी.

हेडफोन काढून दार उघडलं. बाहेर बाकावर सर बसले होते. मी बोलावलं नव्हतं.