सरकीचा नारा

आर्वी, १७ नोव्हेंबर १९५७, रविवार

शालिक गुडघा फोडून आला. पेठेच्या टीमशी फुटबॉलची मॅच होती, दोन-शून्यनं हरले. गुडघ्याचं त्याला काही नाही. ओरडण्याचं आहे. आमची पोरं कापसाच्या जिनातली पाळी सुटली की तशीच मैदानात जातात. केसांत, भुवयांवर रुई चिकटलेली. ती पाहून पेठेवाल्यांनी नाव पाडलं आहे, सरकी. बांधावर पन्नासेक जण उभे राहून एका सुरात:

रुई जाते गाठीत, सरकी जाते गोठ्यात!

म्हणजे चांगलं ते गाठी बांधून मुंबईला, उरलेलं बी ढोरांपुढे. शालिक म्हणतो, "लाथ बसली तं चालते वं ताई, पन हे कानात बसते."

माझ्याही कानात बसलं. विळीवर वांगी चिरताना हात त्याच तालावर चालला होता. स्वतःचीच चीड आली.

१९ नोव्हें.

देवराव आला होता. टीमचा कॅप्टन, जिनात गाठींच्या प्रेसवर काम करतो. आम्ही दहावीपर्यंत एका वर्गात होतो. मग त्याचे वडील गेले नि शाळा सुटली. तेव्हा म्हणायचा, "सुले, गणित दाखव." आज दारातच उभा राहून, "बाई, तुमच्यापाशी एक काम होतं."

बी.ए. होऊन शाळेत लागल्यापासून सगळी वस्ती मला बाई म्हणते. त्यानं म्हणू नये.

काम असं: २६ जानेवारीच्या सामन्यांचा फॉर्म भरायचा आहे, त्यात टीमचं नाव लागतं. आजवर वस्तीच्या जुन्या नावानंच ओळखत. गेल्या साली दसऱ्याला नागपूरला जाऊन सगळ्यांनी दीक्षा घेतली; ते नाव आता कोणालाच नको. "असं नाव द्या का पेठेवाल्याइची सरकी म्हनाची हिंमतच नाई झाली पायजे."

पाणीसुद्धा न घेता गेला. (पुढे दे. एवढंच लिहीन. ही वही शालिकच्या हाती लागते.)

२२ नोव्हें.

शाळेतला कोश तीन दिवस घरी. 'नवप्रभात' — साबणाचं वाटतं. 'तरुण भारतीय' — कुणीही म्हणेल. शेवटी सापडलं: प्रबुद्ध नवयुवक क्रीडा मंडळ. प्रबुद्ध म्हणजे जागा झालेला. यापेक्षा आमचं दुसरं काय सांगायचं? दे.नं ओठ हलवत दोनदा वाचलं. "जड हाये. पन मजबूत हाये."

चौथीला अपूर्णांक शिकवत होते. एक पोरगी म्हणाली, बाई, तुमी आज हासून राह्यल्या.

८ डिसेंबर, रविवार

नव्या नावाची पहिली मॅच. मैदान शाळेच्या मागे. बायका तिथे जात नाहीत, मास्तरीण तर नाहीच. वह्या तपासायच्या म्हणून मागच्या व्हरांड्यात बसले. मध्ये भिंत. चेंडू फार उंच उडाला तरच दिसतो. बाकी सगळं ऐकून.

आमच्यांनी सुरुवात केली, "प्रबुद्ध नवयुवक क्रीडा मंडळ की..." आणि 'की' येईपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला. कुणाचा श्वास संपला, कुणी 'नवयुवक'वर अडखळला. मग नुसतंच "परबुद! परबुद!" आणि पलीकडून, जणू वाटच पाहत होते:

बुद्धू! बुद्धू! बुद्धू!

माझ्या हातातली लाल पेन्सिल तुटली. दीक्षा घेतलेल्या माणसांना, ज्या शब्दाचा आम्हाला एवढा अभिमान, त्याच शब्दातून शिवी. आणि तो शब्द मी हातात दिला. सरकी त्यांनी म्हटलं होतं. हे मी म्हणवलं.

९ डिसें.

दे. जिनाच्या फाटकाशी भेटला. माफी मागणार होते, पण त्यानंच आधी, "नाव चांगलंच हाये, बाई. आमचा दमच कमी पडते."

असं नको होतं. रागवायला हवं होतं त्यानं. पूर्वी रागवायचा. दौत सांडली तेव्हा दोन दिवस बोलला नव्हता.

१५ डिसें., रविवार

शालिक नि त्याचे दोघे मित्र ओसरीवर तणतणत होते. जो सरकी म्हणेल त्याचे दात पाडू वगैरे. माय तांदूळ निवडत होती. पंधरा वर्षं जिनात कापूस निवडते आहे ती. मान वर न करता म्हणाली:

"काऊन एवढे भडकता रे? सरकी म्हनते तं म्हनू द्या. पेरतेत काय हे लोक? रुई पेरते का? म्हना त्याइले, पुरा आपली गाठ वावरात अन् मंग पाहा काय उगते तं."

पोरं हसली. मला हसू आलं नाही. कोश उघडून तीन दिवस बसले होते, आणि हे माझ्या घरात, त्याच ओसरीवर, केव्हाचं बसलेलं होतं.

पण मन तयार होईना. शिवी आपणच अंगावर घ्यायची? कॉलेजात वादविवादात मी याच्या विरुद्ध बोलले असते, आणि जिंकलेही असते.

१७ डिसें.

तरी लिहिलं. एकानं विचारायचं, सगळ्यांनी उत्तर द्यायचं. आमच्याच बोलीत.

रुई कोठी? — गाठीत!
सरकी कोठी? — मातीत!
मंग उगते कोन? — सरकी! सरकी!

दे.ला दिलं. वाचताना ओठ हलले नाहीत; पाय हलला. मग मोठ्यानं हसला. म्हणाला, "हे कोनं लिवलं?" मी म्हटलं, मायनं. अर्धं खरंच आहे.

जाता जाता सांगून गेला. नागपूरच्या एका गिरणीच्या टीमला सेंटर हाफ हवा आहे, नोकरीसुद्धा देतात. सामने झाले की बहुतेक जाईल.

"चांगलं आहे," मी म्हटलं. आवाज शाळेतला निघाला.

५ जानेवारी १९५८, रविवार

पुन्हा व्हरांडा. नारा भिंतीवरून आला. पहिल्यांदा वीस-पंचवीस आवाज, मग केवढे तरी. पेठेवाले "सरकी" ओरडले की आमचेच लोक आणखी जोरात "सरकी!" त्यांना कळेचना आता काय ओरडावं. शेवटी गप्पच झाले.

ऐकत राहिले. माझे शब्द, आणि मीच भिंतीच्या अलीकडे. एकदा ओठ उघडले. शिपाई झाडत होता. मिटले.

शिकून आपल्या माणसांच्या उपयोगी पडायचं, एवढंच ठरवलं होतं. त्यांच्यापासून एक भिंत लांब बसावं लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं. सव्वीसला शेवटची मॅच. त्याचीही शेवटची. एकदा तरी तिथे उभं राहून, त्यांच्यातच...

२४ जाने.

जिनातल्या बायकांनी ठरवलं, फायनलला जायचं. मायच पुढे. "सरकी आमच्या हातातून जाते अन् आमीच घरी बसाचं?" बा म्हणाले, लोक हसतील. माय म्हणाली, "हासू द्या. दात तं दिसन त्याइचे."

मला कुणी विचारलं नाही. बाई कशा येतील, असंच धरून चालले सगळे.

२६ जाने.

शाळेचं झेंडावंदन आटोपून सरळ मैदानावर गेले. पाहुण्यांसाठी मांडव, खुर्च्या. हेडमास्तरांनी हाक मारली, "या बाई, इकडे बसा." खुर्ची रिकामी होती. समोरच्या बांधावर लुगड्यांची रांग. मांडव आणि बांध यांच्यामध्ये अख्खं मैदान, आणि सगळे बघताहेत. "मला तिकडे जायचंय, सर," एवढं म्हटलं आणि निघाले. कडेकडेनं चालले, पण फार वेळ लागला.

माय सरकली, जागा केली.

पहिला अर्धा तास माझा आवाजच निघेना. वर्गात शांत बसवण्याचा आवाज तेवढा येतो मला. पेठेचा गोल झाला. हाफटाइमला खेळाडू बांधाशी आले. दे. घामानं निथळत, कपाळावर माती, केसांत रात्रपाळीची रुई. माझ्या हातात कुणाची तरी घागर होती. "सुले, पानी दे," तो म्हणाला. सहज. बहुतेक त्याच्या लक्षातही आलं नाही. ओंजळ धरली, मी ओतलं, अर्धं त्याच्या मनगटावरून गेलं.

नंतर ओरडले. कसं ते ठाऊक नाही. विचारणारा आवाज माझा होता, आणि उत्तर देणारी अख्खी रांग. "सरकी कोठी?" — "मातीत!" शालिकनं गोल केला. एक-एक. बरोबरीत सुटली.

बक्षिसाची ढाल दोघांत सहा-सहा महिने. चिठ्ठी काढली, पहिले सहा पेठेचे. माय म्हणाली, "घेऊ दे. जुलैपासून आपली." घसा पूर्ण गेला आहे. उद्या वर्गात फळ्यावर लिहून भागवावं लागेल.

२ फेब्रुवारी

दे. सकाळच्या गाडीनं पुलगावला, तिथून नागपूर. टीम स्टेशनवर पोचवायला गेली, नारा झाला म्हणे. मी शाळेत... नाही, आज रविवार. घरीच होते.

गाडीची शिट्टी ऐकली. चांगलीच लांबली.

१९ फेब्रु., बुधवार

काल संध्याकाळी पत्र आलं. शाळेच्या पत्त्यावर. त्याचं अक्षर दहावीत होतं तसंच, 'ळ'चं पोट फुगलेलं.

"बाई, खोली दोघांत आहे. ग्राउंड फारच चांगला, गवत आहे. बूट चावतात. इथं मले सरकी म्हणतात, मीच सांगितलं. पण टीमला नारा नाही, नुसतं हुर्रे हुर्रे करतात. तुम्ही एक करून पाठवा. येत्या रविवारी मॅच आहे. मायला नमस्कार. तो नारा मायनं नाही लिहिला हे मले तेव्हाच समजलं होतं."

शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

सकाळपासून बसले आहे. दोन करून खोडले. गिरणी, भोंगा, सूत, सगळं घालून पाहिलं. कुणा परक्या गिरणीसाठी शब्द उठत नाहीत. तिसरा आपोआप आला:

कोठचा गडी? — आर्वीचा!
पाय कोठी? — नागपुरात!
परत येते कधी? —

इथे थांबला. नाऱ्याला उत्तर लागतं, नाहीतर माणसं नुसती तोंड उघडून उभी राहतात. आणि हे उत्तर मी लिहायचं नाही, त्यानं द्यायचं. असाच पाठवला तर? नारा म्हणून मैदानात चालणार नाही. समजेल मात्र.

टपालाची थैली दहाला निघते. सव्वानऊ झाले आहेत. पाकिटावर पत्ता लिहून झाला आहे, आत काय घालायचं तेही ठरलं.