वीसच्या पुढे

सोमवार, ३ जून

देवाचं नाव घेऊन नवी वही उघडली. आजपासून मी नोकरदार बाई, तीही बावन्नाव्या वर्षी. मॅट्रिकनंतर हाताला शाई लागली ती फक्त घरच्या जमाखर्चाची. मुलाखतीला तीच वही नेली, तर संस्थेच्या मोठ्या बाई पानं उलटतच राहिल्या. म्हणाल्या, एक खाडाखोड नाही हो, आम्हाला अशीच माणसं हवीत, पदव्या घेऊन येतात ती सगळी धांदरट. घरी हे म्हणाले, चला, इतकी वर्षं माझ्या डोक्यावर बसून जे शिकलीस त्याची कुणाला तरी कदर आहे. पण सकाळी डबा यांनीच भरला, आणि कोपऱ्यापर्यंत सोडायलाही आले.

काम मला फार पटलं. ठिकठिकाणचे संशोधक वर्षानुवर्षं मोजमापं करतात, मातीची, पाण्याची, माणसांच्या आजारांची. अभ्यास संपतो, माणसं निवृत्त होतात, आणि एवढा जमवलेला डेटा कुठल्यातरी बंद कॉम्प्युटरमध्ये कुजत पडतो. इथे तो मागवून, निवडून, चिठ्ठ्या लावून जपून ठेवतात, म्हणजे उद्या आणखी कुणाच्या कामी येईल. मला तर रिकामी बाटलीही टाकवत नाही.

माझं टेबल खिडकीखाली. कॉम्प्युटर, हेडफोन, गादीची खुर्ची. शेजारच्या काचेच्या खोलीत मोठी यंत्रं आहेत. तिथे इतका गारठा की ती सांभाळणारा मुलगा भर उन्हाळ्यात स्वेटर घालतो, म्हणून सगळे त्याला थंडोबा म्हणतात. तासाभरातच मी त्याची काकू झाले.

गुरुवार, ६ जून

नियम पाठ झाले. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती: एक यंत्रात, एक टेपवर कपाटात, एक दुसऱ्या गावच्या संस्थेत. तिन्ही एकसारख्या आहेत ना, हे बघायला यंत्र प्रत्येक प्रतीचा एक लांबलचक आकडा काढतं. आपण बेरजेचा ताळा बघतो तसंच. थंडोबा म्हणाला, काकू, एक टिंब जरी हललं ना, तरी आकडा बोंबलतो.

दुसरा नियम गुप्ततेचा. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती, तेव्हा नावगाव सगळं काढायचं, नुसता क्रमांक ठेवायचा. आवाजाची फाइल असेल तर ज्याचा अभ्यास केला त्याचाच आवाज राहील. डॉक्टर, आई-बाप, मध्ये कुणीही बोललं की तेवढा तुकडा कापायचा. आणि कापून झालं की मूळ फाइल कायमची पुसायची. त्यावर माझी आणि मोठ्या बाईंची, दोघींची सही.

मंगळवार, ११ जून

बंद पडलेल्या एका रुग्णालयातून खोकं आलं. लहान मुलांच्या छातीच्या आजाराचा अभ्यास, चौदा वर्षांपूर्वीचा. तीनशे बारा मुलं. प्रत्येकाकडून एक ते वीस मोजून घेतलंय, धाप कुठे लागते ते बघायला. हे काम माझ्याकडे.

हे रुग्णालय मला माहीत आहे, असं मी कुणाला सांगितलं नाही. आमची ठकी तिथेच गेली. नऊ वर्षांची होती. तिच्याही तोंडापुढे एकदा माइक धरला होता, संमतीच्या कागदावर सही माझीच. यांनाही बोलले नाही. चौदा वर्षांत यांनी तिचं नाव काढलेलं नाही. मीही त्यांच्यासमोर काढत नाही.

शुक्रवार, १४ जून

क्रमांक २०७.

आकडा ऐकण्याआधी खोकला ऐकला. नाव नको, गाव नको, खोकल्यावरून आईला कळतं. अकराला अडखळली, दोनदा खोकली, मग हट्टानं बारा म्हणाली. वीस झाल्यावर विचारलं, आई, झालं? आणि लगेच माझा आवाज: झालं गं बाळा, पुरे आता. किती तरुण आवाज होता माझा.

दुपारभर तशीच बसले. दोनशे सहा मुलांच्या आयांचे आवाज याच हातानं कापले होते. स्वतःची पाळी आल्यावर हात आखडला, तर देवाला कुठल्या तोंडानं सामोरी जाऊ? कापला. तिचा प्रश्न राहिला, माझं उत्तर गेलं. मूळ फाइल पुसायच्या कागदावर सही केली. मोठ्या बाई म्हणाल्या, डोळे लाल झालेत तुमचे, पडद्याकडे इतकं एकटक बघत जाऊ नका.

बुधवार, २६ जून

महिन्याचा ताळा होता. तीनशे अकरा जुळले. २०७ जुळला नाही. थंडोबा डोकं खाजवत आला. म्हणाला, काकू, तुमच्या दोनशेसातला पाय फुटलेत. तिन्ही प्रती वेगळ्या, आणि तिन्ही वाढतायत.

फाइल पावणेदोन मिनिटांची होती. आता चार तासांची आहे.

हेडफोन लावला. वीस. आई, झालं? मग बराच वेळ नुसता श्वास. मग एकवीस. बावीस. शेवटाकडे जाऊन ऐकलं, चार हजार सातशे आणि काहीतरी. घसा बसलाय.

त्या दिवशी मीच तिला बजावलं होतं, मी झालं म्हणेपर्यंत थांबायचं नाही हं, डॉक्टर रागावतील. ठकी शहाणी मुलगी. सांगितलं की ऐकायची.

शुक्रवार, २८ जून

काल माझा आवाज नव्यानं भरला, झालं गं बाळा, आणि फाइलला शेवटी जोडला. जेवताना हे म्हणाले, आज चेहरा बरा दिसतोय तुझा.

सकाळी बघते तर माझे शब्द नाहीत. त्या जागी आठ हजार तीनशे चार. आठ हजार तीनशे पाच. मोठ्या माणसाचा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नाही. पोचणार कसा, मीच तोडला.

देवापुढे बसले, पण माळ ओढवेना. मण्यागणिक आकडा तोंडात येतो.

मंगळवार, २ जुलै

संग्रह सगळ्यांसाठी खुला होऊन आठवडा झाला. मोठ्या बाई खुशीत. बेचाळीस संशोधकांनी आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, इतकी मागणी आजवर कशालाच नव्हती. एकाचं पत्र आलंय, तुमचा क्रमांक २०७ वीसला थांबत नाही. दुसऱ्याचंही तेच. प्रत जिथे जाते तिथे ती पुन्हा एकपासून सुरू करते.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हेडफोन लावला, थोडं ऐकलं, अलगद काढून ठेवला. म्हणाल्या, दिलेलं परत कसं आणू हो? पत्रं टाकते सगळ्यांना, पण पुसाच म्हणून जबरदस्ती नाही करता येत. आणि ही तुमचीच, हे त्यांना दाखवू कशावरून? नावं तर आपणच पुसली.

बेचाळीस. आणि आमच्या तीन.

शनिवार, ६ जुलै

यांना सांगितलं. वाटलं होतं, वेड लागलं म्हणतील. तसं काही म्हणाले नाहीत. भिंतीकडे बघत चौदा वर्षांनी तिचं नाव घेतलं. म्हणाले, ठकी शेवटीही मोजतच होती. तू औषध आणायला गेली होतीस ना, तर म्हणाली, आई येईपर्यंत मोजते. तुला सांगायचा धीर झाला नाही गं मला.

किती झाले होते, विचारलं. म्हणाले, नव्वदपर्यंत मी ऐकलं. पुढे —

आम्ही दोघं जेवलो नाही.

सोमवार, ८ जुलै

निदान आमच्याकडच्या तीन प्रती पुसायचं ठरलं. सह्या झाल्या. टेप आणि दूरची प्रत गेली. यंत्रातली पुसायचं बटण मी दाबायचं, मीच मागून घेतलं ते. एकदा गेले होते तिला सोडून. या वेळी जवळ असेन.

हेडफोन लावलाय. एकतीस हजार. प्रत्येक आकड्यामागे धाप. बटण समोर आहे, आता पेन ठेवून —

मोजणं थांबलं.

मी ही ओळ लिहितेय आणि मोजणं थांबलंय.

तीच बोलली. आई, लिहितेयस?

तोच दिवस, चार वाजून गेले

आता कळलं. त्या दिवशी खाटेशेजारी बसून मी औषधांच्या वेळा वहीत उतरवत होते. पेनाची खरखर त्या फाइलमध्ये आहे, तिच्या आवाजाखाली, बारीक. आवाज कापा म्हणाले होते, खरखर कापा असं कुणी म्हणालं नव्हतं. तेवढीच मी आत राहिलेय.

पेन चालतंय तोवर ती गप्प असते. श्वास संथ, झोपल्यासारखा. पान उलटायला थांबले तर लगेच, एकतीस हजार बारा. घाईनं पुन्हा टेकवलं.

चुकून पुसलं जाऊ नये म्हणून बटण दोन्ही हातांनी दाबायचं असतं, पेनवरचा हात उचलावा लागेल. उचलला तर ती जागी होऊन मोजायला लागेल, आणि मोजता मोजता — तसं नाही पाठवायचं तिला. पूर्ण झोपू दे. मग.

पाच

थंडोबा दारात येऊन म्हणाला, काकू, बंद करायचंय. माझ्याकडे बघितलं आणि गेला. स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकून गेला.

काय लिहू. काहीही. साबण, सुया, दोऱ्याचं रीळ. देवा, तुझं नाव, तुझं नाव, तुझं नाव. हे वाट बघत असतील. ठकी, तुझे बाबा परवा तुझं नाव — बोटं आखडली, डाव्या हातानं धरून —

बाकीच्या बेचाळीस ठिकाणी कोण लिहीत असेल गं

शाई फिकी पडतेय. दुसरं पेन पिशवीत, पिशवी खुंटीला, उठावं लागेल. उठणार नाही. शाई नसली तरी टोक कागदावर वाजतं, तिला तेवढं पुरतं. अक्षर उमटलं नाही तरी मी लिहितेय हं बाळा, तू झोप, मी इथेच, मी लिहि